एका चिमुकल्या वाद्याचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार म्हटले की देऊळ डोळ्यांसमोर येते. वाद्याच्या बाबतीत हा शब्द कोणी वापरीत नाही. सतार मोडली तर ती दुरुस्तीला जाते, पेटीचे सूर बिघडले तर ते जुळवून घेतले जातात. वाद्य वाजते झाले की दुरुस्ती झाली असे समजून सगळे मोकळे होतात. यात वावगे काही नाही. परंतु काही वाद्ये अशी असतात की ती नुसती वाजती होऊन भागत नाही. त्यांच्या लाकडात, सांध्यांत आणि पोटात चिकटवलेल्या कागदाच्या चिटोऱ्यात एका समाजाचा इतिहास साठलेला असतो, आणि वाद्य वाजते करण्याच्या उत्साहात तो पुसला जाण्याचा धोका असतो. हवाई बेटांतील युकुलेले हे असे एक वाद्य आहे. शंभर वर्षांचे एखादे युकुलेले कारागिराच्या मेजावर येते तेव्हा काय काय करावे लागते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करण्याचे टाळावे लागते, हे पाहण्याजोगे आहे.

ज्याने युकुलेले पाहिलेले नसेल त्याने गिटारीचे लहानसे भावंड कल्पावे. मूळ आकाराचे, म्हणजे ज्याला सोप्रानो म्हणतात ते, उणेपुरे एकवीस इंच लांबीचे असते. कमरेत आवळलेले पोकळ पोट, त्याच्या मध्यावर लिंबाएवढे गोल भोक, आखूड दांडी, दांडीवर बाराएक पडदे आणि टोकाला चार खुंट्या. वजन अर्ध्या किलोलाही पोचत नाही. तारा चार, मात्र त्यांना तारा म्हणायचे ते केवळ सवयीने. जुन्या काळी ती आतड्याची तात असे, आता बहुधा नायलॉनचे तंतू असतात. पांढरी एकचा षड्ज धरला तर या चार तारा क्रमाने प, सा, ग, ध अशा लागतात. गंमत अशी की हा पंचम षड्जाच्या खालचा नसून वरचा असतो. त्यामुळे हाताच्या एका झटक्यात स्वर पायरी-पायरीने चढत नाहीत. ते वरून खाली उडी घेतात आणि पुन्हा चढू लागतात. युकुलेलेच्या अवखळ झणत्काराचे निम्मे रहस्य या उलट्या तारेत आहे.

उरलेले निम्मे लाकडाच्या पातळपणात आहे. पोटावरची फळी, म्हणजे सतारीच्या कारागिरांच्या भाषेत तबली, चांगल्या जुन्या युकुलेलेत दोन मिलिमीटरांहूनही कमी जाडीची असते. पातळ लाकूड चटकन हलते, म्हणून चार तंतूंच्या बेताच्या ओढीनेही त्यातून आवाज उमटतो. पातळ लाकूड चटकन फुटतेही. गुण आणि दोष येथे एकाच गोष्टीतून निघालेले आहेत, आणि दुरुस्ती करणाऱ्याला ते पदोपदी आठवावे लागते.

या वाद्याचा जन्म कसा झाला हे थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण त्यावाचून त्यात जपण्यासारखे काय आहे ते कळणार नाही. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे शिडाचे जहाज होनोलुलूच्या बंदराला लागले. अटलांटिक महासागरातील मदेरा या पोर्तुगीज बेटावरून ते निघाले होते, आणि चार महिने समुद्रात काढून चारशेहून अधिक माणसे, बायकामुलांसह, त्यातून आली होती. उसाच्या मळ्यांवर कराराने मजुरी करण्यासाठी ती आणली होती. त्याच वर्षी मे महिन्यात ‘लिओनिडास’ हे जहाज हिंदी गिरमिटियांची पहिली तुकडी घेऊन फिजीला पोचले होते. महासागर तोच, पीक तेच. ‘रेव्हन्सक्रॅग’वरील मजुरांत मॅन्युएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जुझे दो एस्पिरितो सांतो हे तिघे सुतारकाम जाणणारे होते. जहाजावर मशेते नावाचे चार तारांचे एक मदेरी वाद्यही होते, आणि जहाज धक्क्याला लागताच जुआंव फर्नांडिस नावाच्या प्रवाशाने ते हाती घेऊन वाजविण्यास सुरुवात केली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा भाग सोडला तरी एवढे खरे, की मदेराचे लोक रात्री रस्त्यांवर गाणी-बजावणी करून शहराला रिझवीत आहेत अशी बातमी दोन आठवड्यांच्या आत होनोलुलूच्या वृत्तपत्रात आली होती.

मळ्यांवरचे करार आटोपून हे तिघे सुतार होनोलुलूत परतले, आणि १८८० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी तेथे वाद्ये व लाकडी सामान बनविण्याची दुकाने थाटली. त्यांच्या हातून मशेतेचे जे रूपांतर झाले तेच युकुलेले. आकार मशेतेचा राहिला. स्वरांची जुळणी मात्र राझाँव नावाच्या मदेराच्याच पाच तारांच्या दुसऱ्या वाद्यातून, एक तार वजा करून, घेतली गेली. लाकूड बदलले. मायदेशीचे लाकूड येथे मिळणारे नव्हते, म्हणून बेटांवरील कोआ वृक्षाचे लाकूड आले. परदेशी मजुरांचे हे खेळणे हवाईच्या लोकांनी इतक्या त्वरेने आपलेसे केले की त्यामागे राजाश्रय असला पाहिजे. आणि तो होताच. १८७४ ते १८९१ पर्यंत राज्य करणारा राजा कालाकाउआ स्वतः संगीताचा चाहता होता. १८८६ साली त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या उत्सवात हवाईच्या परंपरागत हुला नृत्याच्या साथीला युकुलेले वाजले. त्याची बहीण लिलिउओकलानी ही पुढे राणी झाली, आणि हवाईची शेवटची राज्यकर्ती ठरली. युकुलेले या शब्दाचा अर्थ सर्वत्र ‘उडी मारणारी पिसू’ असा सांगतात. वादकाच्या बोटांच्या उड्या पाहून हे नाव पडले म्हणे. राणीला मात्र ‘इकडे आलेली भेट’ हा अर्थ अधिक पसंत होता. १८९३ साली तिचे राज्य उलथविण्यात आले आणि १८९८ साली हवाई अमेरिकेत सामील करून घेण्यात आले. ज्या समाजाच्या हातून राज्य गेले, ज्याची भाषा १८९६ च्या कायद्याने शाळांतून उठली, त्या समाजाकडे त्या वर्षांतल्या ज्या वस्तू उरल्या त्यांत ही लहानशी वाद्ये आहेत. एखाद्या जुन्या युकुलेलेवर भलतीच कानस चालली तर काय जाते, याचा अंदाज यावरून करता येईल.

कोआविषयी दोन शब्द अधिक सांगणे अवश्य आहे. हा वृक्ष हवाई बेटांखेरीज जगात कोठेही निसर्गतः उगवत नाही. तरीही तो अगदी परका वाटण्याचे कारण नाही, कारण तो आपल्या बाभळीच्या नात्यातला आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांनी फार काळ दोघांनाही अकेशिया या एकाच नावाखाली ठेवले होते; अलीकडे त्यांनी बाभळीचे नाव बदलले एवढेच. कोकणात रस्त्याकडेला लावलेली, कोयत्यासारख्या वाकड्या पानांची ऑस्ट्रेलियन बाभूळ ज्यांनी पाहिली आहे त्यांनी कोआच्या पानांचा आकार पाहिला आहे असे म्हणावयास हरकत नाही. हवाईचे लोक याच वृक्षाचे खोड कोरून समुद्रात जाणाऱ्या होड्या करीत. त्याचे लाकूड तांबूस सोनेरी असते. काही फळ्यांत धाग्यांना नागमोडी वळण असते, आणि प्रकाशात फळी तिरपी केली की त्या वळणांतून झळाळीचे पट्टे सरकताना दिसतात. १७९३ साली व्हँकूव्हर या दर्यावर्दी कप्तानाने बेटांवर गुरे आणून सोडली. त्यांच्या पुढल्या पिढ्यांनी कोआची कोवळी रोपे खाऊन जंगले उजाड केली. त्यामुळे जुन्या, जाड खोडाचा कोआ आज दुर्मीळ आणि महाग आहे. दुरुस्तीचे काम करणारे शहाणे कारागीर म्हणून अगदी चिंध्या झालेल्या युकुलेलेचेही तुकडे फेकीत नाहीत. शंभर वर्षांच्या लाकडाला ठिगळ लावायचे तर ते शंभर वर्षांच्याच लाकडाचे असावे.

१९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तेथील हवाईच्या मंडपात रोज होणाऱ्या गायन-वादनाने अमेरिकेला वेड लावले, आणि युकुलेलेची मागणी एवढी वाढली की होनोलुलूच्या कारागिरांना ती पुरवता येईना. तेथे जोना कुमालाए याचा कारखाना जोरात होता. प्रदर्शनात मिळालेल्या सुवर्णपदकाचा उल्लेख तो आपल्या वाद्यांवरील छापात करीत असे. सॅम्युएल कामाका याने १९१६ साली आपले काम सुरू केले, आणि ते घराणे होनोलुलूत अद्याप तोच व्यवसाय करीत आहे. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर मार्टिन या जुन्या गिटार कंपनीने याआधी, १९०७ साली, युकुलेले करून पाहिले होते. पण गिटारीच्या सवयीने तिने तबलीखाली इतके आधार बसविले की आवाज दबून गेला आणि गिऱ्हाइकांनी ते नाकारले. १९१६ मध्ये तिने आधार कमी केले, लाकूड पातळ केले, आणि मग तिची वाद्ये हजारोंनी खपली. ही हकीकत दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. मजबुतीच्या नादात वाद्य मुके होते, हे एका नामांकित कारखान्यालाही पैसे मोजून शिकावे लागले.

ही लाट आपल्याकडेही येऊन थडकली. तौ मो या सामोआत जन्मलेल्या कलावंताचे कुटुंब १९४० नंतरची काही वर्षे कोलकात्यात राहिले, आणि हवाईयन गिटारीचा आडवा सूर बंगालच्या व हिंदी चित्रपटांच्या संगीतात शिरला. युकुलेले मात्र त्या थोरल्या भावाच्या सावलीत मागे राहिले.

अमेरिकेत विकली गेलेली ती हजारो वाद्ये पुढे पेट्यांत आणि माळ्यांवर जाऊन पडली. होनोलुलूची हवा दमट. तेथे घडलेले कोआचे पातळ पोट शिकागोसारख्या शहरात गेले, तर हिवाळ्यात तापवलेल्या घरातील हवेत आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर उतरते. लाकूड ओलावा सोडते आणि आकसते. लांबीत ते जवळजवळ आकसत नाही, आकसते ते धाग्यांच्या आडव्या दिशेने. आणि कडेने सरसाने जखडलेल्या फळीला आकसायला वाव नसल्यामुळे ती धाग्याला धरून उभी चिरते. जुन्या युकुलेलेच्या पाठीवर किंवा तबलीवर केसाएवढ्या अथवा नखाएवढ्या रुंदीची उभी भेग आढळते ती बहुधा यामुळे. ते वाद्य कोणाच्या हातून पडले असेल असे नाही. पुष्कळदा ते फक्त तहानलेले असते.

म्हणून जाणत्या कारागिराचे पहिले काम म्हणजे काहीही न करणे. तो वाद्याच्या तारा उतरवतो, दिवा आणि दंतवैद्याचा असतो तसा लहान आरसा भोकातून आत घालून पोट तपासतो, आणि ते वाद्य ओल्या स्पंजासह एका बंद पेटीत ठेवून देतो. पेटीतील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहील एवढीच काळजी तो घेतो. आठवडा जातो, कधी दोन जातात. लाकूड हळूहळू ओलावा घेते, आणि जी भेग भरून काढण्यासाठी अधीर माणसाने पहिल्याच दिवशी लांबी ठासली असती ती अर्धीअधिक आपोआप मिटलेली आढळते. लांबी ठासलेली असती तर फुगणाऱ्या फळीला जागा उरली नसती, आणि तिने शेजारी दुसरी भेग पाडली असती.

या फावल्या वेळात वाद्याची ओळख पटविता येते. पोटात भोकासमोर कागदी चिठ्ठी असेल तर कारागिराचे नाव सापडते. नुनेसच्या चिठ्ठीवर तो स्वतःला युकुलेलेचा जनक म्हणवून घेत असे. उरलेल्या दोघांना हे कितपत मान्य झाले असते, हा प्रश्न वेगळा. डोक्याच्या पाठीमागे ‘टाबू’ असा ठसा असेल तर वाद्य १९१५ नंतरच्या लाटेतले समजावे; मुख्य भूमीवरील नकली हवाईयन वाद्यांना आळा घालण्यासाठी हवाईतल्या उत्पादकांनी ही खूण काढली होती. चिठ्ठी नसली तरी डोक्याचा आकार, कडेने बसविलेली काळ्या-पांढऱ्या लाकडाची पीळदार नक्षी, घोडीची कोरणी यांवरून जाणकार अंदाज बांधतात. यातले काहीही हरवले वा बदलले गेले की ओळख पटविण्याचा एक दुवा तुटतो. सांधे सोडवताना गरम पाणी लागते, म्हणून चिठ्ठीवर आधी संरक्षक आवरण घालण्याची रीत आहे.

भेग सांधण्यासाठी जुना मार्ग सरसाचा. जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस थंड पाण्यात भिजवून, मग पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून, साठ अंशांच्या आसपास तापवितात. उकळला तर त्याचा जोर जातो. तो लवकर थिजतो, हात चपळ लागतात, आणि वासही काही सुखद नव्हे. बाजारात आज बाटलीतून पिळून लावण्याचे डिंक मिळतात, घट्ट बसणारे रासायनिक रोगणही मिळते. मग या त्रासाचे कारण काय? कारण असे की सरस हा उष्णता व ओलावा यांनी पुन्हा सुटतो. युकुलेले मुळात सरसानेच जोडलेले असते. म्हणून नवा सरस जुन्या सरसाला ओळखतो आणि त्याच्याशी एकजीव होतो. उद्या पन्नास वर्षांनी तोच सांधा पुन्हा उघडायची वेळ आली तर त्या वेळच्या कारागिराला ऊब दिलेली पातळ सुरी सांध्यात सरकवून लाकूड न फाडता तो उघडता येतो. रासायनिक रोगणाने जोडलेले लाकूड असे सुटत नाही, आणि त्याचा थर लाकडात मुरलेला असेल तेथे दुसरा कोणताही सरस धरीत नाही. जुन्या वाद्यांवर दुरुस्ती करणाऱ्यांच्या कपाळाला ज्या आठ्या पडतात त्यांतील बहुतेक अशा ‘पक्क्या’ कामामुळे पडतात.

भेगेवर सरस सोडून कारागीर फळीच्या दोन्ही बाजू अंगठ्याने हलकेच दाबतो आणि सोडतो. त्या हालचालीने सरस आत ओढला जातो. मग पुसणे, शिकंजा लावणे, वाट पाहणे. आतल्या बाजूने भेगेवर नखाएवढे लाकडाचे तुकडे आडव्या धाग्याने चिकटवावे लागतात, म्हणजे ती पुन्हा फाकत नाही. पण लिंबाएवढ्या भोकातून हात आत जात नाही, तेव्हा तुकडा नेमका भेगेखाली बसवायचा कसा? पूर्वी भेगेतच सुईच्या टोकाएवढे छिद्र पाडून बारीक तार आत सोडीत, तिला तुकडा ओवून वर खेचीत आणि सरस वाळेपर्यंत ताणून धरीत. आज जोरदार लहान लोहचुंबक मिळतात. एक तुकड्याखाली आत आणि दुसरा बाहेर ठेवला की बाहेरच्याला सरकवीत आतल्याला हव्या त्या जागी आणता येते, आणि तो तेथे शिकंज्यासारखा धरूनही बसतो. नव्या साधनाने जुन्या कामाचे इतके कल्याण केल्याचे उदाहरण विरळा. मोह येथेही आडवा येतोच. तीन तुकड्यांनी भागत असता सहा बसवावेसे वाटतात, जाड बसवावेसे वाटतात. अशा वेळी मार्टिन कंपनीचे १९०७ सालचे मुके युकुलेले आठवावे.

घोडी उखडलेली असेल तर कारण बहुधा एकच असते. मधल्या काळात कोणीतरी आवाज मोठा व्हावा म्हणून तातीऐवजी पोलादी तारा चढविलेल्या असतात. पातळ तबलीला ती ओढ सोसत नाही. ती घोडीमागे फुगते, भोकाकडे खचते, आणि शेवटी घोडी आपल्याबरोबर लाकडाचे दोन-चार धागे घेऊनच निघते. अशी घोडी मोडकी असली तरी जुनीच सांधून बसविणे चांगले. तिच्या जागी नवी, सुबक घोडी करणे कोणाही सुताराला तासाभराचे काम आहे, आणि म्हणूनच ते करू नये. खुंट्यांची गोष्ट त्या मानाने सोपी. लाकडी खुंट्या झिजतात, त्यांची भोके लंबगोल होतात. भोक बुजवून नव्याने निमुळते कोरावे लागते. ती घसरू लागली तर खडू आणि अडकू लागली तर साबण, हा उपाय आपल्या तंबोऱ्याला चालतो तोच येथेही.

खरा पेच पडतो तो पडद्यांपाशी. जुन्या होनोलुलूच्या वाद्यांत पितळेच्या साध्या पट्ट्या थेट दांडीत ठोकलेल्या असत, आणि त्या हाताने, अंदाजाने बसविलेल्या असल्यामुळे एखादा पडदा किंचित सरकलेला असतो. वर चढत गेले की स्वर बेसूर लागतो. वादक म्हणतो, पडदे उपटून हिशेबाने पुन्हा बसवा. संग्रहालयातला तज्ज्ञ म्हणतो, ज्या हाताने ते बसविले त्याची ती खूण आहे. तिला स्पर्श करू नका. दोघांचेही म्हणणे खरे आहे. वाद्य न वाजता काचेत पडून राहिले तर ते लाकडाचे डबडे होते. आणि प्रत्येक पिढीने आपल्या कानाप्रमाणे त्याला सरळ केले तर दोन-तीन पिढ्यांनी नुनेस वा दियास यांचे त्यात नावापुरतेही काही राहत नाही. सर्वसाधारण, कारखान्यात हजारोंनी निघालेल्या वाद्यात पडदा सरकवायला हरकत नसावी. पहिल्या तीन सुतारांपैकी कोणाच्या हातचे असेल, तर बेसूर पडदा तसाच ठेवणे श्रेयस्कर. सांतो १९०५ साली वारला, दियास १९१५ साली, नुनेस १९२२ साली. त्यांना आता विचारता येत नाही. त्यांची मोजमापे आणि त्यांच्या चुका तेवढ्या या लाकडात आहेत. सुरेल वाजवायला दुसरी युकुलेली पुष्कळ मिळतात.

शेवटी प्रश्न येतो तो झळाळीचा. मालकाला सर्वांत आधी हवी असते ती झळाळीच. काळवंडलेले, बोटांच्या मळाने माखलेले वाद्य घासूनपुसून नव्यासारखे करून द्या, अशी त्याची मागणी असते. आपल्याकडे देवळांच्या कोरीव दगडांवर भडक तैलरंगाचे हात फिरविण्यामागे हीच बुद्धी होती, आणि पुढे तो रंग काढताना किती कष्ट पडतात हेही आपण पाहिले आहे. जुन्या युकुलेलेवरील मूळ लेप खरवडून काढून नवा चढविला की कोआची झळाळी खुलते खरी. पण तबलीची जाडीही थोडी कमी होते, पीळदार नक्षीच्या कडा गुळगुळीत होतात, आणि दांडीच्या पायथ्याशी वादकाच्या बोटांनी वर्षानुवर्षे घासून उघडे पाडलेले लाकूड, म्हणजे त्या वाद्यावर गाणी वाजली याचा एकमेव पुरावा, नाहीसा होतो. संग्राहक अशा वाद्याला कमी किंमत देतात. मळ काढण्यापुरते किंचित ओलसर फडके पुरेसे असते. संग्रहालयांतील तज्ज्ञ तर कित्येकदा कापसाच्या बोळ्याला स्वतःची लाळ लावून मळ काढतात. हसू येण्यासारखी गोष्ट आहे, पण लाळेतील पाचक द्रव्ये मळ सोडवतात आणि लेपाला धक्का लावीत नाहीत.

मूळ लेप मात्र आपल्या ओळखीचा आहे. त्या काळातील पुष्कळ हवाईयन वाद्यांवर लाखेचे पातळ पॉलिश असे, आणि लाखेचा जगातील सर्वांत मोठा पुरवठादार त्या वेळी हिंदुस्थान होता. छोटा नागपूरच्या जंगलांत पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या फांद्यांवर एक सूक्ष्म किडा राळेचे कवच करतो. ते खरवडून, वितळवून, ताणून त्याचे पापुद्रे करतात. याच उद्योगासाठी १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे लाख-संशोधनाची संस्था स्थापन झाली. त्या काळच्या ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्याच मिश्रणाच्या. म्हणजे हवाईच्या वाद्याचे अंग आणि त्याचा घरोघर पोचलेला आवाज, दोन्हींवर झारखंडच्या जंगलातील त्या किड्याची छाया होती. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने, तेलाच्या एखाद्या थेंबावर गोलगोल हात फिरवीत हे पॉलिश चढवतात. मिरजेच्या तंबोऱ्याच्या कारागिरांना ही कृती सांगावी लागणार नाही. तिचा मोठा गुण असा की नवा थर टाकताना स्पिरिट जुन्या थराला किंचित विरघळवतो आणि दोन्ही थर एक होतात. जेथे लेप उडाला असेल तेवढ्याच जागी हात फिरवून भागते, बाकीचा जुना लेप तसाच राहतो. सांधलेली भेग त्यानंतरही बारीक रेघ म्हणून दिसत राहते. ती दिसू द्यावी.

मग नव्या तारा चढतात. पोलादी नव्हेत, नायलॉनच्या किंवा तातीच्या. पहिल्या दिवशी त्या पूर्ण ताणीत नाहीत. एक-दोन दिवस त्यांना अर्ध्या ताणावर ठेवून कारागीर सकाळ-संध्याकाळ घोडीमागची तबली बोटाने चाचपतो, भेगेवर दिवा धरून पाहतो. नवे तंतू लांबत राहतात, स्वर उतरत राहतो, आणि आठवडाभर प्रत्येक वेळी पुन्हा जुळवावा लागतो. याच दिवसांत तो एका साध्या कागदावर लिहून ठेवतो: कोणती भेग सांधली, तुकडे किती बसविले, सरस कोणता, कोणती खुंटी नवी, लेप कोठे फिरविला, आणि कशाला हात लावला नाही. तो कागद वाद्याच्या पेटीत तारांच्या सुट्या जोडाखाली ठेवला जातो.